नायिकेच्या जागी आपण दिसायला लागलो की

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला राहणारी, शाळेच्या कार्यालयात नोकरी करणारी ४७ वर्षांची बाई. घरात नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. रात्री साडेआठची मालिका ती सासूबाईंबरोबर न चुकता बघते. मालिकेतल्या नायिकेला नवऱ्याने फसवलंय आणि ती घराबाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभी राहू बघतेय. ‘माझ्या नवऱ्याचं तसलं काही नाही, सरळमार्गी माणूस आहे. तरी तिची गोष्ट माझीच वाटते. रडू येतं आणि एपिसोड संपल्यावर तासभर मी त्यांच्याशी धड बोलत नाही. हे काय चाललंय? आणि यातून काही चांगलं निघू शकतं का?’

ताई, निघू शकतं. त्यासाठी आधी तिच्या आणि तुमच्या आयुष्यात काय काय सारखं आहे ते मोजणं थांबवा. घटना जुळत नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. जुळतोय तो एखादा क्षण, आणि बहुतेक वेळा तो मुख्य कथानकातला नसतोच. नवऱ्याचं प्रकरण उघडकीला येतं तेव्हा बघणारे अवाक होतात. रडू फुटतं ते भलत्याच ठिकाणी. सगळ्यांची पानं वाढून ती शेवटी बसते आणि पातेल्यात भाजी उरलेली नसते. ती काही सांगायला तोंड उघडते आणि मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता ‘आई, नंतर’ म्हणतो. दोन सेकंदांचा शॉट असतो, संवादही नसतो. समुपदेशनाच्या खोलीत ‘ती मीच आहे’ हे वाक्य वारंवार येतं, आणि खोदत गेलं की बहुधा असाच एखादा शॉट हाती लागतो.

म्हणून पहिलं काम तो शॉट शोधणं. दुसऱ्या दिवशी एपिसोड ॲपवर काढा. सगळा बघू नका, जिथे घसा दाटला तेवढाच भाग बघा आणि वहीत वेळ टाका: १४ मिनिटं २० सेकंद. खाली लिहा की त्या वेळी पडद्यावर नेमकं काय होतं. कोण काय म्हणालं, कोणी कोणाकडे बघितलं, कोणी बघितलं नाही. विशेषणं नकोत. ‘तिचा अपमान झाला’ असं लिहिलंत तर पुढे काही सापडणार नाही. ‘सासरे म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं; नवरा वर्तमानपत्र वाचत राहिला’ असं लिहा. आठवड्याला सहा भाग येतात, त्यांतल्या तीन-चार नोंदी झाल्या तरी पुरे. दोन आठवड्यांत वही चाळली की बहुतेक नोंदी एकाच जातीच्या निघतात: कोणीतरी ऐकत नाही, किंवा कोणीतरी गृहीत धरतं, किंवा तिने केलेल्या कामाचं नाव दुसऱ्याला मिळतं. हा जो समान धागा आहे, तो तुमचा. बाकीचं कथानक लेखकमंडळींचं.

इथे एक चाळणी लावा. तोच तुकडा आवाज बंद करून पुन्हा बघा. दैनंदिन मालिकेत चेहऱ्यावर हळूहळू जाणारा कॅमेरा, तोच चेहरा तीन कोनांतून, आणि खाली बासरी किंवा सारंगी, हे सगळं रडवण्यासाठीच रचलेलं असतं आणि ते कसबी लोक रचतात. आवाज नसतानाही घसा दाटला तर क्षण तुमचा. नाही दाटला तर पार्श्वसंगीताने आपलं काम चोख केलं, एवढंच. ती नोंद खोडून टाका.

आता ‘ती माझीच वाटते’ या वाक्याकडे. यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचं पुढे करायचं काम वेगळं आहे. पहिली, ती ओळखीची वाटणं, मैत्रिणीसारखी. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली यावर लिहिलं: पडद्यावरच्या माणसाशी आपलं नातं जुळतं, पण ते एकाच बाजूने असतं. दुसरी, तिच्या जागी जाऊन, तिच्या डोळ्यांनी प्रसंग बघणं. जोनाथन कोहेन यांनी २००१ साली हे पहिल्या प्रकारापासून नीट वेगळं काढलं. तिसरी, तिच्यासारखं व्हावंसं वाटणं. ओळखायचं कसं? नायिका गप्प राहून सोसते तेव्हा तुमच्या तोंडून ‘अगं बोल की, गप्प काय बसतेस!’ निघालं, तर तुम्ही तिची मैत्रीण आहात. तुमचाच आवाज बसला, बोलता येईना, तर तुम्ही तिच्या जागी आहात. आणि तिने बॅग भरून दार उघडलं तेव्हा छातीत एकदम मोकळं वाटलं, तर ती तिसरी गोष्ट. मैत्रीण असाल तर फारसं काही करायची गरज नाही, खुशाल बघा. तुमच्या पत्रावरून दुसरी आणि तिसरी मिसळलेली दिसतेय, म्हणून पुढचं सगळं.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वी झालेला आहे, आणि माझ्या मते आजच्या पाश्चात्त्य मांडणीपेक्षा तो काही बाबतींत बारीक आहे. नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली, त्यांतलं एक आहे निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुरफटलेला असतो की समोरच्या नाटकाचं त्याला उरत नाही. करुण रसात रडूनही माणूस हलका होऊन उठतो, कारण ते दुःख त्या वेळी ना पूर्ण पात्राचं असतं, ना पूर्ण आपलं. तुमचं दुसरंच होतंय. तुम्ही जड होऊन उठता आणि तासभर जड राहता. म्हणजे तेव्हा तुम्ही मालिका बघत नसता, मालिकेच्या निमित्ताने स्वतःचं काहीतरी बघत असता. यात वाईट काही नाही. पण ते ‘मनोरंजन’ या खात्यात टाकून दिलं तर रोज रात्री तेच होत राहील.

त्या तासाबद्दल. एपिसोडच्या शेवटच्या धक्क्याने शरीर तापतं: छाती धडधडते, जबडा आवळतो. ही धग लगेच विझत नाही, आणि समोर जो कोणी येईल त्याच्यावर निघते. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ पासून यावर काम केलं: एका गोष्टीने चढलेली उत्तेजना नंतरच्या दुसऱ्याच गोष्टीच्या नावावर लागते. तुमच्या घरी नऊ वाजता ‘ताट घेऊ का?’ विचारणारा नवरा त्या धगीच्या वाटेत उभा असतो, बाकी त्याचा गुन्हा काही नाही. म्हणून मालिका संपल्यावर वीस मिनिटं कोणाशी महत्त्वाचं बोलायचं नाही, हा नियम करा. भांडी घासा, इमारतीखाली दोन फेऱ्या मारा, उद्याच्या डब्याची भाजी निवडा; हातापायांना काम हवं. मोबाइल मात्र नको, कारण त्याच मालिकेची रडण्याची कात्रणं रील होऊन समोर येतात आणि तुम्ही जितकी थांबून बघाल तितकी जास्त येतात. एपिसोडमध्ये निदान रडण्यानंतर दुसरा प्रसंग असतो. रीलमध्ये रडण्यानंतर रडणंच असतं.

वीस मिनिटांनी राग गेला तर तो एपिसोडचा होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कार्यालयात रजिस्टर भरताना तो पुन्हा वर आला तर तो तुमचा आहे, आणि त्याला लिहून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहिलं. नुसती घटना किंवा नुसती भावना लिहिणाऱ्यांपेक्षा दोन्ही एकत्र लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्याच प्रयोगात लिहून झाल्या झाल्या मात्र मन आणखी खिन्न झालेलं आढळलं. ही अर्धी माहिती लोकांना सांगितली जात नाही, मग पहिल्याच दिवशी ‘याने तर जास्तच त्रास होतोय’ म्हणून वही बंद होते. पहिले दोन दिवस जड जाणार, हे धरूनच बसा.

तुमच्यासाठी त्यात थोडा बदल सुचवतो. पहिल्या दिवशी वहीतला एक शॉट घ्या आणि नायिकेबद्दलच लिहा: तिला त्या क्षणी काय हवं होतं? ‘न्याय’, ‘सन्मान’ असले मोठे शब्द टाळा. तिला हवं होतं की त्याने वर्तमानपत्र खाली ठेवावं. दुसऱ्या दिवशी तसाच प्रसंग तुमच्या घरात शेवटचा कधी घडला ते लिहा, पण ‘मी’ न वापरता, स्वतःचं नाव घेऊन, तिऱ्हाइतासारखं: ‘सुनीता ओट्यापाशी उभी होती, ती म्हणाली…’ (तुमचं खरं नाव घाला.) स्वतःला नावाने संबोधलं की माणूस त्याच प्रसंगाकडे जरा लांबून बघू शकतो, हे इथन क्रॉस यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात दिसलंय. तिसऱ्या दिवशी तोच प्रसंग ‘मी’ वापरून, भावनांसकट. चौथ्या दिवशी फक्त एक प्रश्न: यातलं काय मी कधी तोंडाने मागितलंय, आणि काय समोरच्याने आपणहून ओळखावं म्हणून वाट बघितली? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांना जास्त वेळ लागतो. १५ मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. रात्री झोपण्याआधी लिहू नका, झोप उडते. दुपारच्या सुट्टीत किंवा सकाळी घर उठायच्या आधी लिहा. आणि वही कुठे ठेवायची हे आधी ठरवा. वन-बीएचकेत चार माणसं राहतात तिथे ‘कपाटात’ हे उत्तर होत नाही. कार्यालयातला कुलपाचा खण बरा.

यानंतर बोलणं. सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो, कारण मनात नायिकेचं भाषण तयार असतं. मालिकेत ती बोलते तेव्हा सगळं घर गोलाकार उभं राहतं, कोणी मध्ये बोलत नाही, कॅमेरा एकेकाचा पडलेला चेहरा दाखवतो. तुमच्या घरी तिसऱ्या वाक्याला समोरून उत्तर येईल, कुकरची शिट्टी होईल, आणि मुलगी ‘तुम्ही दोघं भांडताय का?’ म्हणून बाहेर येईल. शिवाय त्या भाषणातला आरोप तुमच्या नवऱ्याला लागूच पडत नाही. ज्याने फसवलेलं नाही त्याला फसवणाऱ्याच्या सुरात बोललं की तो मूळ मुद्दा सोडून सुराशी भांडतो, आणि बरोबरच भांडतो.

तेव्हा घरात, चौघांच्या मधे, एपिसोडनंतर बोलू नका. रविवारी सकाळी बाजारात जाताना बोला. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड वाक्यं निघतात. तीनच गोष्टी सांगा: एक घडलेली घटना, तेव्हा तुम्हाला काय झालं, आणि एक मागणी. ‘तुम्हाला माझी किंमतच नाही’ या वाक्याला दुसऱ्या माणसाकडे काहीही करण्यासारखं नसतं. ‘मंगळवारी मी शाळेतलं सांगत होते, तुम्ही मोबाइल बघत होतात, मी मधेच थांबले ते तुम्हाला कळलंही नाही. मला एकटं वाटलं. जेवताना पहिली दहा मिनिटं सगळ्यांचे मोबाइल बाजूला ठेवू या का?’ याला हो किंवा नाही म्हणता येतं. मागणी अशी हवी की पुढच्या रविवारी ती झाली की नाही हे मोजता येईल. एका वेळी एकच. पंधरा वर्षांची यादी काढलीत तर पहिलीही मान्य होणार नाही.

नायिकेकडून भावना घ्या, वाटचाल घेऊ नका, असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण मालिका बनते कशी यात आहे. अर्ध्या तासाच्या वेळात साधारण २०-२२ मिनिटांची गोष्ट, शेवटी उद्यासाठी अडकवून ठेवणारा प्रसंग, आणि आठवड्याचे टीआरपी गुरुवारी आले की त्यानुसार ट्रॅक लांबवणं किंवा गुंडाळणं. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. त्यातल्या अरुंधतीचा घटस्फोट, स्वतःचं उभं राहणं, दुसरं लग्न, हे सगळं प्रेक्षकांनी पाच वर्षं रोज पाहिलं आणि अनेकींना त्यातून बळ मिळालं, हे खरंच आहे. पण दैनंदिन मालिकेत दुःख संपलं की गोष्ट संपते, म्हणून दुःख संपू दिलं जात नाही. एक प्रश्न मिटला की दुसरा दारात उभा असतो. ‘एवढं करूनही तिला सुख नाहीच’ असा निष्कर्ष तुम्ही त्यातून स्वतःच्या आयुष्यासाठी काढू नका. तो चॅनेलच्या वेळापत्रकाचा परिणाम आहे.

दुसरं, लीप. पडद्यावर ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी येते आणि नायिका नव्या साडीत नव्या घरात दिसते. मुंबईत घर सोडणाऱ्या बाईचं सगळं खरं काम त्या गाळलेल्या सहा महिन्यांत असतं: डिपॉझिटची रक्कम, अकरा महिन्यांचा भाडेकरार, एकट्या बाईला जागा द्यायला नाखूश असलेली सोसायटी, मुलांच्या कॉलेजचं अंतर, स्वतःच्या नावाचं बँक खातं. तिने बॅग उचलली तेव्हा तुम्हाला मोकळं वाटलं, ते खरं माना. पण मोकळं व्हायचंय ते कशापासून, हे वहीत शोधा. घरापासूनच असेल असं नाही. अनेकदा ते रोज संध्याकाळी साडेसहा ते नऊ या अडीच तासांपासून असतं, आणि त्यावर स्वयंपाकाला आठवड्यातून तीन दिवस बाई लावणं हाही उपाय असू शकतो. पडद्यावर दाखवायला तो फार फिका, म्हणून तिथे दिसत नाही.

सोसणाऱ्या पात्राशी एकरूप होण्यात आणखी एक धोका आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याच दूरदर्शनवर घडलेलं आहे. १९८४ साली सुरू झालेल्या ‘हम लोग’मध्ये भागवंती ही आई मुद्दाम घातली होती: स्वतःला पुसून टाकणाऱ्या बाईचं काय होतं हे दाखवायला. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, तरीही कितीतरी प्रेक्षकांनी भागवंतीला आदर्श मानलं. म्हणजे लेखकाला काय दाखवायचं होतं आणि बघणाऱ्याने काय उचललं यांचा मेळ असतोच असं नाही. तुमच्या वहीत समान धागा ‘ती सगळं निमूटपणे करते’ असा निघाला आणि त्याबद्दल दुःखापेक्षा अभिमान जास्त वाटला, तर तिथे थांबा. त्या अभिमानामुळेच मागणी तोंडाबाहेर पडत नाही.

एखाद्या दिवशी नायिका असं काही करेल की तुम्ही चिडाल: नको त्याला माफ करेल, किंवा हातची नोकरी सोडेल. ‘मालिका बिघडवली’ म्हणून सोडून देऊ नका, त्या दिवशीची नोंद अवश्य करा. ‘मी असते तर’ अशी सुरुवात करून लिहा. जिथे ती आणि तुम्ही वेगळ्या होता तिथे तुम्हाला स्वतःबद्दल जे कळतं ते साम्याच्या दहा नोंदींतून कळत नाही.

हे सगळं घरच्या घरी करण्याजोगं आहे ते मन एरवी ठीक असेल तर. सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, मालिका सोडून कशातच रस उरला नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. परळचं केईएम, शीव रुग्णालय, मुंबई सेंट्रलचं नायर, या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. हे वाचणाऱ्या एखादीच्या आयुष्यात मालिकेतली घटनाही तंतोतंत घडत असेल, घरात मारहाण, धमकी किंवा पैशांची कोंडी असेल, तर तिने आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अशा वेळी मालिका काही दिवस बंद ठेवलेली बरी.

राहिल्या सासूबाई. रोज तुमच्या शेजारी बसून त्या तीच मालिका बघतात, आणि त्यांना कुठला प्रसंग लागतो हे बहुधा तुम्ही कधी विचारलेलं नसेल. जाहिराती लागल्या की विचारा, ‘आई, तुम्हाला आज कुठे वाईट वाटलं?’ त्या नायिकेची बाजू घेतील, तिच्या सासूची घेतील, किंवा ‘मला नाही बाई रडू येत असलं बघून’ म्हणून विषय टाळतील. टाळला तर मागे लागू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तर आलं तर लगेच स्वतःचं सांगायला घेऊ नका. आधी त्यांचं पूर्ण होऊ द्या, एपिसोडचा पुढचा भाग बुडाला तरी चालेल.